फरसाणाच्या दुकानात बसून नीतिसूत्रांप्रमाणे कसं जगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात रावपुऱ्यात फरसाण-मिठाईचं दुकान आहे, चर्चला नियमित जाता, बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचायला घेतलं, पण दहाव्या अध्यायापासून सगळी वाक्यं सुटी सुटी लागतात. नीतिमान जगायचं म्हणजे सकाळी दुकान उघडल्यावर नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

आधी वाचण्याबद्दल. अध्याय 31 आहेत, म्हणून बरेच जण तारखेप्रमाणे रोज एक वाचतात. पहिले नऊ अध्याय असे वाचता येतात, कारण ते बापाने मुलाला केलेले सलग उपदेश आहेत. 10:1 (म्हणजे अध्याय 10, वचन 1) पासून 22:16 पर्यंत मात्र एकेका वचनाचं वेगळं सूत्र आहे, अशी 375. तीस-पस्तीस सूत्रं एका दमात वाचली की संध्याकाळपर्यंत एकही आठवत नाही. इथे रोज पाचच घ्या, अडीच महिन्यांत हा भाग होईल. एका वहीत तोंड, पैसा, काम, राग अशी चार पानं करा आणि प्रत्येक वचनाचा आकडा योग्य पानावर टाका. महिन्याभरात सुटी वचनं एकमेकांशी बोलू लागतात. घरात मुलं गुजराती बायबल वाचत असतील तर तेही शेजारी ठेवा, तिथे हे पुस्तक ‘नीतिवचनो’ या नावाने सापडेल.

दुकानापुरतं म्हणाल, तर मी पैशाच्या पानापासूनच सुरुवात करायला सांगेन. या पुस्तकात काटा आणि वजनं चार वेळा येतात: 11:1, 16:11, 20:10 आणि 20:23. त्या काळी व्यापारी वजनाचे दगड थैलीत बाळगत. घ्यायला जड आणि द्यायला हलका, असे दोन संच ठेवायला बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकात 25:13 मध्ये साफ मनाई आहे. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा असेल, त्यावर तोलमाप खात्याचा शिक्काही असेल. तरी खोट शिरते ती डब्यातून. मिठाईचा रिकामा डबा 50 ग्रॅमचा आणि पेढे 600 रुपये किलो असतील, तर डब्यासकट तोलल्यावर गिऱ्हाईक पुठ्ठ्याचे 30 रुपये देतं. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, मग माल भरा. डब्याचा खर्च परवडत नसेल तर भाव वाढवा, तो पाटीवर सगळ्यांना दिसतो. काउंटरवरच्या पोऱ्याला हे एकदा सांगून भागत नाही, कारण दिवाळीच्या गर्दीत हात आपोआप जुन्या सवयीवर जातो. म्हणून अधूनमधून बांधलेला एखादा डबा उघडून पुन्हा तोला.

घेतानाही तोच नियम. 20:14 मधला गिऱ्हाईक माल वाईट, वाईट म्हणत भाव पाडतो आणि बाहेर पडल्यावर फुशारकी मारतो. हाथीखान्याच्या बाजारात बेसन घेताना घासाघीस खुशाल करा, पण चांगल्या मालाला खोटं नाव ठेवू नका.

मजुरीचं त्याहून महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, आणि चर्चमध्ये त्यावर फार कमी बोललं जातं. 3:27-28 सांगतं की ज्याचं देणं आहे आणि हातात आहे, त्याला उद्या ये म्हणू नको. अनुवाद 24:14-15 प्रमाणे मजूर आपल्यातला असो की उपरा, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. दाहोदहून आलेला भट्टीवरचा कारागीर पळून जाऊ नये म्हणून त्याचा अर्धा पगार ‘जमा’ ठेवायची रीत इथेच अडकते. नव्या करारातल्या पत्रात याकोब 5:4 मध्ये तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. पगाराची तारीख ठरवा आणि दानपेटीत पैसे टाकण्याआधी ती पाळा.

जामिनाचं पान वेगळं करा. 6:1-5, 11:15, 17:18, 22:26-27, सगळीकडे इशारा एकच, शेवटच्यात तर अंगाखालची खाट जाते. आपल्या 1872 च्या करार कायद्यातही, वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मेव्हण्याने सहीसाठी कागद आणला तर रक्कम विचारा. ती पूर्ण बुडाली तरी घर-दुकान न विकता भरता येईल का, हे बघा. येत नसेल तर नाही म्हणा, आणि जमेल तेवढी रक्कम सरळ मदत म्हणून द्या. अर्थात प्रेषित पौलाने ओनेसिमस या दासासाठी त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहिलं की त्याचं देणं माझ्या नावावर मांड, मी फेडीन. पण ते त्याने स्वतःच्या हाताने आणि फेडायच्या तयारीने लिहिलं. नीतिसूत्रांचा विरोध आहे तो भिडेखातर हातावर हात मारून जामीन राहण्याला.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती सूत्राला हमी समजल्याने. उद्योग्याचा हात धनवान करतो, हे 10:4 वाचून लोक गरिबाला आळशी ठरवतात. त्याच पुस्तकात 13:23 आहे: गरिबाच्या शेतात पीक भरपूर येतं, पण अन्यायाने ते वाहून जातं. ईयोबाच्या पुस्तकात, तो संकटात असताना त्याचे तिघे मित्र असंच एक सूत्र धरून बसले, आणि त्या पुस्तकाच्या 42:7 मध्ये देव त्यांच्यावर रागावला. नीतिसूत्रांतलं 26:4 मूर्खाला उत्तर देऊ नको म्हणतं आणि 26:5 दे म्हणतं. दोन्ही शेजारी मुद्दाम ठेवली आहेत. कुठे कोणतं लागू, हे ओळखणं म्हणजेच शहाणपण. ते याकोब 1:5 प्रमाणे मागायचं असतं, म्हणून वाचायला बसण्याआधी प्रार्थना. आणि काटा बरोबर ठेवल्याने आपण देवापुढे नीतिमान ठरत नाही. 1 करिंथ 1:30 प्रमाणे आपलं ज्ञान आणि नीतिमत्त्व ख्रिस्तच आहे. ते मिळालं म्हणून काटा बरोबर ठेवायचा.

शेवटच्या अध्यायातल्या 10 ते 31 या बावीस वचनांची यादी करून बायकोची परीक्षा घेऊ नका. अध्याय आईने राजा असलेल्या मुलाला शिकवलेल्या वचनांनी सुरू होतो, म्हणजे आधी ऐकायचं आहे ते पुरुषाने. त्यातली स्त्री शेत पारखून विकत घेते, व्यापाऱ्याला माल पुरवते, आणि 31 वं वचन तिच्या हातचं फळ तिला द्या असं सांगतं. तुमच्याकडे गल्ला आणि उधारीची वही ती सांभाळत असेल, तर भागीदारीच्या कागदावर तिचं नाव आहे का, ते पाहा.