गोल करत नाही, मग त्याचं पुढे काय?

कोल्हापूरहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत, वय चौदा. शाळेकडून आणि पेठेतल्या तालमीच्या ज्युनियर संघाकडून फुटबॉल खेळतो, मधल्या फळीत. शाळेचा संघ यंदा सुब्रतो चषक या शालेय स्पर्धेच्या विभागीय फेरीपर्यंत पोहोचला. त्या लिहितात, "वर्षभरात त्याच्या नावावर दोनच गोल आहेत. पाहुणे विचारतात, गोल करत नाही तर याला घेणार कोण? उंचीही बेताचीच. एका गृहस्थांनी साडेतीन लाखांत स्पेनमध्ये ट्रायल करून देतो असं सांगितलंय. ह्यांचं म्हणणं, दहावी झाली की जेईईचा क्लास लावायचा आणि खेळ बंद. मी काय करू?"

ताई,

पत्राच्या मधेच तुम्ही सहज लिहून गेलात, 'त्याच्याकडं बॉल आला की बाकीची पोरं पुढं पळायला लागतात.' हे वाक्य मी पुन्हा वाचलं. बॉल आपल्यापर्यंत येणार याची खात्री असल्याशिवाय पोरं अशी पळत नाहीत. दोन गोलांपेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे, आणि ती तुम्ही स्वतः हेरली आहे.

मधल्या फळीतल्या खेळाडूची पंचाईत हीच असते की त्याचं बरंचसं काम गुणफलकावर येत नाही. म्हणून पुढच्या सामन्याला जाल तेव्हा दहा मिनिटं बॉलकडं बघूच नका. मुलाच्या मानेकडं बघा. पास त्याच्याकडं येत असताना तो एकदा डावीकडं, एकदा खांद्यावरून मागं बघतो का? नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती घेऊन नेमकं हेच तपासलं. बॉल मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघून घेतात, त्यांचे पास, विशेषतः पुढच्या दिशेचे, जास्त वेळा साथीदारापर्यंत पोहोचतात असं त्यांना दिसलं. बॉल पायात आल्यावर विचार सुरू करणारा मुलगा चौदाव्या वर्षी खपून जातो, अठराव्या वर्षी त्याला तेवढा वेळ कुणी देत नाही. मानेनंतर पहिला टच बघा: बॉल मोकळ्या बाजूला घेतो की पायाखालीच अडकवतो? डावा पाय नुसता उभं राहायला आहे की पास द्यायलाही? आणि बॉल गमावल्यावर हात वर करून थांबतो की लगेच मागं धावतो? निवड करणारी जाणती माणसं वहीत याच गोष्टी टिपतात.

उंचीची काळजी सोडा, असं मी अगदी ठामपणे सांगते. क्रोएशियाचा लुका मॉड्रिच लहानपणी हायदुक स्प्लिट या मोठ्या क्लबला अंगानं फारच किरकोळ वाटला होता, त्यांनी त्याला घेतलं नाही. पुढं दिनामो झाग्रेबनं घेतलं आणि अठराव्या वर्षी बोस्नियातल्या मोस्टारच्या क्लबकडं लोनवर, म्हणजे उसना, पाठवलं. तिथला खेळ धसमुसळा, मैदानं खडबडीत. तिथं तो टिकला, आणि २०१८ मध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर घेऊन गेला. चाळिशी गाठली तरी तो वरच्या पातळीवर खेळत राहिला. फ्रान्सचा एन्गोलो कान्ते तर साडेपाच फुटांचा. एकविसाव्या वर्षी तो फ्रान्सच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, आणि खेळ सांभाळून त्यानं हिशेबशास्त्राचं शिक्षणही घेतलं होतं. २०१५ मध्ये लेस्टर सिटीनं त्याला घेतलं, २०१६ मध्ये त्या क्लबनं इंग्लंडची लीग जिंकली आणि २०१८ मध्ये कान्ते विश्वविजेता झाला. तुमच्या ह्यांना ही गोष्ट जरूर सांगा, हिशेबशास्त्रासकट.

आता आपल्याकडचं वास्तव. इंडियन सुपर लीगमध्ये २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडूंना मुभा आहे. क्लब त्या चार जागा बहुधा मैदानाच्या मधोमधच खर्च करतात: गोल करणारा सेंटर फॉरवर्ड, त्याच्या मागून पास पुरवणारा दहा नंबर, बचावाच्या मधला सेंटर बॅक. त्यामुळं सगळ्यांना आवडणारी ती दहा नंबरची जागा भारतीय मुलाला सहज मिळत नाही. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस तिथं खेळला, पण असे थोडेच. याउलट बचावफळीच्या पुढं उभा राहणारा सहा नंबर आणि दोन्ही गोलांच्या दरम्यान अखंड राबणारा आठ नंबर, इथं भारतीय मुलांनी जागा कमावली आहे. जिक्सन सिंग, सुरेश सिंग वांगजाम, अपुइया हे सगळे याच कामातले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध दिल्लीत भारताचा पहिला विश्वचषक गोल झाला, तो जिक्सननंच केलेला. तेव्हा मुलाच्या प्रशिक्षकांना विनंती करा की वर्षातले निम्मे सामने याला जरा मागं खेळवा. तिथं टाळ्या कमी पडतात, शिकायला मात्र भरपूर मिळतं.

स्पेनच्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. फिफाच्या नियमाप्रमाणं अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडं नोंदणी होत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले, असे मोजके अपवाद आहेत, आणि तुमचं घर त्यात बसत नाही. म्हणजे मुलगा तिथं कितीही चांगला खेळला तरी चौदाव्या वर्षी क्लब त्याला करारबद्ध करूच शकत नाही. साडेतीन लाखांत मिळते ती सहल, किट आणि फोटो. माझ्याकडं असंच एक कुटुंब आलं होतं. आईनं पाटल्या मोडल्या होत्या. मुलगा दोन आठवड्यांत परत आला आणि पुढं कित्येक महिने मैदानावर गेला नाही, कारण आपणच कमी पडलो अशी त्याची समजूत झाली होती. कमी पडायला तिथं खरी परीक्षाच नव्हती, हे त्याला पटवायला मला फार वेळ लागला. तुमच्या मुलावर ती वेळ येऊ नये.

खरे दरवाजे जवळ आहेत. राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, भुवनेश्वरला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि फिफाची अकादमी आहे. वयोमर्यादा आणि चाचण्यांच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आणि त्या त्या संस्थेकडं थेट विचारा, मधल्या माणसाकडून नको. तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढं गेला आणि २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आणखी एक. जन्मतारीख 'जरा मागंपुढं' करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो डाग पुसला जात नाही.

ह्यांची भीती मात्र मला खरी वाटते, आणि तुम्हीही ती मोडीत काढू नये. २०२५ च्या जुलैमध्ये आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित ठेवला, कारण महासंघाशी असलेला त्यांचा हक्कांचा करार संपत आला होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशाकडून खेळलेली मुलंसुद्धा सामने कधी सुरू होणार म्हणून ताटकळत बसली. मोजक्या भारतीय खेळाडूंचे करार कोटींच्या घरात जातात हे खरं, पण खालच्या पातळीवर हंगामापुरती बोली असते. गुडघ्याचा एक लिगामेंट तुटला की वर्ष जातं. सगळं सुरळीत झालं तरी पस्तिशीच्या आसपास दुसरं काम शोधावंच लागतं.

म्हणून माझं मत असं: जेईईचा दिवसभराचा क्लास नको आणि शाळा सोडूनही चालणार नाही. दहावी नीट होऊ द्या, क्रीडागुणांचे कागद शाळेकडून वेळेत पाठवून घ्या. अकरावीला संध्याकाळचं मैदान मोकळं राहील असं साधं कॉलेज निवडा. गणित-विज्ञान आवडत असेल तर शास्त्र शाखाच घ्या, जीवशास्त्र ठेवलं तर फिजिओथेरपीची वाट त्यातून उघडी राहते. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र एका फायलीत लावत चला. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक दर्जाच्या कामगिरीवरच मिळतं आणि प्रमाणपत्राची कसून पडताळणी होते. सेनादलं आणि रेल्वेही खेळाडू घेतात. खेळ थांबल्यावर प्रशिक्षकाचे परवाने आहेत. गोव्याच्या डेम्पो क्लबच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षं खेळलेल्या क्लिफर्ड मिरांडा यांनी प्रशिक्षक म्हणून २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला.

एक गोष्ट कोल्हापूरकर म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शाहू स्टेडियमवर पेठेच्या सामन्याला उसळणारी गर्दी पोराला सोळाव्या वर्षीच हिरो करते. ते प्रेम मोठं भाग्याचं आहे. पण तेवढ्यावरच समाधान मानून थांबलेली गुणी मुलं मी पाहिली आहेत. अठरा पूर्ण होईपर्यंत तो एखाद्या क्लबच्या युवा संघात किंवा राज्याच्या निवड शिबिरात पोहोचला, तर पुढची दोन-तीन वर्षं खेळाला द्या. नाही पोहोचला, तर शिक्षण हा मुख्य धंदा आणि पेठेकडून खेळणं हा आयुष्यभराचा आनंद. हे आजच तिघांनी बसून बोला. तुमच्या चार पानी पत्रात मुलाचं स्वतःचं म्हणणं कुठंच नाही. त्यालाही विचारा, आणि शक्यतो जेवताना, मार्कशीट समोर ठेवून नको.

शेवटी तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंय, सरावानंतर त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं आणि तिथं टेंगूळ आल्यासारखं वाटतं. वाढीच्या वयात खेळणाऱ्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा आढळतं आणि बहुतेकांचं वेळेवर विश्रांती मिळाली की बरं होतं, पण ते अंगावर काढायचं नसतं. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. रविवारचा सामना चुकला तरी चालेल.