'एल तुर्को': सीरियाचा माणूस तुर्क कसा ठरला?

एका वाचकाचा प्रश्न आहे. अर्जेंटिनाचे माजी राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांचे आईवडील सीरियातले. तरी तिकडे लोक त्यांना सर्रास 'एल तुर्को' म्हणत. हे तुर्क कधी झाले? आणि असा मजकूर मराठीत आणताना 'तुर्क' लिहायचे की 'अरब'?

मेनेम यांचे घराणे यब्रूद गावचे, दमास्कसच्या उत्तरेकडचे. त्यांच्या आधीच्या पिढीत तिथून जो कोणी निघाला तो उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याचा प्रजाजन होता. १९१८पर्यंत आजचे सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन हे सगळे इस्तंबूलच्या सुलतानाकडे होते. ब्युनोस आयर्सला किंवा ब्राझीलच्या सांतोस बंदरात माणूस उतरला की त्याच्या हातातले कागद उस्मानी सरकारचे. कारकुनाला तेवढे पुरे. उस्मानी म्हणजे तुर्क, म्हणून वहीत 'तुर्को'. अर्जेंटिनाच्या १९१४च्या जनगणनेत असे सुमारे ६४ हजार उस्मानी मोजले गेले आणि त्यांतले बहुसंख्य अरबी बोलणारे होते. बरे, लॅटिन अमेरिकेत आलेल्या या लोकांत मुसलमान थोडे. मॅरोनाइट, ग्रीक ऑर्थोडॉक्स, मेल्काइट असे ख्रिस्तीच जास्त. मेनेम यांचे घर सुन्नी मुसलमान, म्हणजे त्या गर्दीत अपवादच. (ते पुढे कॅथलिक झाले. राष्ट्राध्यक्ष कॅथलिकच असावा ही अट अर्जेंटिनाच्या घटनेत १९९४पर्यंत होती.)

हे लोक निघाले का, याचे खापर १८६०च्या लेबनॉन-दमास्कसमधल्या ख्रिस्ती लोकांच्या कत्तलींवर फोडायची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते, कारण मोठा लोंढा सुरू होतो तो वीस-तीस वर्षांनंतर. लेबनॉनच्या डोंगरात रेशीम हे नगदी उत्पन्न होते. घरोघर तुती, किडे, कोश, आणि सूत काढायच्या गिरण्यांत बरेचसे भांडवल फ्रेंचांचे. १८६९ साली सुवेझ कालवा उघडला आणि चीन-जपानचे रेशीम युरोपात स्वस्तात पोचू लागले. एका पिकावर उभे असलेले गाव भाव पडल्यावर काय करते हे आपल्याकडच्या कापूसवाल्यांना सांगायला नको. मुलगे 'अमेरिके'ला निघाले. त्यांच्या लेखी न्यूयॉर्क काय आणि ब्युनोस आयर्स काय, दोन्ही अमेरिकाच.

आता यातली खरी गंमत. १९०८ साली उस्मानी साम्राज्यात 'तरुण तुर्क' या सुधारणावादी गटाची क्रांती झाली आणि १९०९मध्ये त्यांनी सक्तीची लष्करभरती ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेलाही लागू केली. तोवर बिगरमुसलमान कर भरून सुटत असत. मग भरतीच्या वयाची पोरे जहाजे गाठू लागली. म्हणजे तुर्कांच्या फौजेत जायला नको म्हणून जो पळाला, तो पलीकडच्या किनाऱ्यावर उतरताच तुर्क ठरला! अर्मेनियन लोकांचे तर याहून वाईट. तुर्कांच्या हातून जे कसेबसे जिवानिशी सुटले, त्यांनाही अर्जेंटिनात 'तुर्को'च म्हणत. सीरिया आणि तुर्कस्तानातून आलेले सेफार्डी (मूळ स्पेनकडचे) ज्यूही त्याच पोतडीत.

ब्राझीलमध्ये या शब्दाला धंद्याचा वास आहे. नवखा माणूस पाठीवर पेटी घेऊन सुया, दोरे, फिती, कापड विकत खेडोपाडी फिरायचा आणि उधारीवर माल द्यायचा. 'हप्त्याचा तुर्क' अशी एक ठेवणीतली शिवीच तिथे होती. पुढे साओ पाउलोतला 'रुआ व्हिंते इ सिंको दे मार्सो', म्हणजे '२५ मार्च रस्ता', यांच्या घाऊक कापडदुकानांनी भरून गेला. तिथे एक चावट समीकरण सांगतात: बोटीतून उतरला तेव्हा तुर्क, दुकान काढले तेव्हा सीरियन, गिरणीचा मालक झाला तेव्हा लेबनीज. यात विनोद आहे तसा इतिहासही आहे. फ्रेंचांनी १९२० साली लेबनॉन वेगळा काढला, त्याआधी 'लेबनीज' ही राष्ट्रीयता अस्तित्वातच नव्हती. समाजातल्या बायकांनी १९२१ साली साओ पाउलोत जी संस्था काढली, तिच्यातून आजचे नामांकित 'सिरिओ-लिबानेस' रुग्णालय उभे राहिले. नावात सीरिया आणि लेबनॉन शेजारी शेजारी, आणि 'तुर्को'चा पत्ता नाही. ज्याचे त्याने आपले नाव ठेवायचे म्हटल्यावर काय निवडले जाते ते यात दिसते.

जाता जाता, ब्राझीलमधल्या फेरीवाल्याला 'मस्काते' म्हणतात. हा शब्द ओमानच्या मस्कत शहरावरून आला. पोर्तुगीजांनी १५०७ साली मस्कत घेतले आणि १६५०पर्यंत ते त्यांच्याकडे होते, कारभार अर्थात गोव्याहून. तिथला माल विकणारा तो 'मस्काते'. ब्राझीलच्या रेसिफे बंदरातल्या व्यापाऱ्यांना शेजारच्या ओलिंदा गावचे ऊसमळेवाले हे नाव हिणवून लावत आणि १७१०-११मध्ये दोघांत चकमकी झडल्या, त्यांना 'मस्कात्यांचे युद्ध' असेच नाव पडले. हे व्यापारी सगळे पोर्तुगीज. खऱ्या अरबांनी पेटी पाठीला लावली ती त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, आणि एका अरब शहराचे नाव त्यांच्यासाठी तयारच होते.

चिलीतली कथा वेगळी, कारण तिथले बहुतेक पॅलेस्टिनी: बेथलेहेम, बैत जाला, बैत साहूर या गावांचे. पहिल्या खेपेला माल म्हणून जपमाळा आणि शिंपल्याचे क्रूस. पवित्र भूमीहून आणलेला म्हटले की कॅथलिक गिऱ्हाईक चटकन मिळे. आज अरब जगाबाहेरचा सर्वांत मोठा पॅलेस्टिनी समाज चिलीत मानतात आणि त्यांचा 'पालेस्तीनो' हा फुटबॉल क्लब १९२०चा, म्हणजे इस्राएल देशापेक्षा जुना. या लोकांना 'तुर्को' हा शब्द विशेष झोंबला असणार. उस्मानी साम्राज्य बुडाल्यावर कागदोपत्री ते तुर्क राहिले नाहीत, आणि पॅलेस्टाइन ज्यांच्या ताब्यात गेले त्या ब्रिटिशांनी १९२५ साली पॅलेस्टिनी नागरिकत्वाचा जो कायदा आणला त्यात परदेशी गेलेल्या अनेकांचे अर्ज नाकारले गेले. राज्यकर्त्यांच्या दोन्ही वह्यांतून नाव गेले. गल्लीतले लोक मात्र 'तुर्को' म्हणतच राहिले.

बाहेरच्याने भलत्याच जमातीचे नाव चिकटवावे आणि ते टिकावे, हे आपल्यालाही अपरिचित नाही. 'फिरंगी' मुळात फ्रँक लोकांवरून. आपण तो पोर्तुगिजांना लावला. याहून जवळचे उदाहरण मराठवाड्यातले. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडे 'चाऊस' आडनावाची माणसे भेटतात. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौतहून आलेल्या अरबांचे हे वंशज, आणि 'चाऊस' हा शब्द तुर्की आहे: 'चावुश', म्हणजे फौजेतला एक हुद्दा. इकडेही अरबांच्या माथी तुर्की शब्दच बसला. पण इथे तो हुद्द्याचा होता, हिणवण्याचा नव्हता, म्हणून लोकांनी तो आडनाव म्हणून मिरवला.

आता अनुवादाचे. 'तुर्क' लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या मराठीत 'तुर्क' किंवा 'तुरुक' हा सरसकट मुसलमानांसाठी येतो, त्यामुळे बैत जालाच्या ऑर्थोडॉक्स दुकानदाराला वाचक विनाकारण मुसलमान समजेल. शिवाय वर्तमानपत्री मराठीत 'तरुण तुर्क' म्हटले की काँग्रेसमधले एके काळचे बंडखोर चंद्रशेखर आणि मोहन धारिया डोळ्यांसमोर येतात. 'अरब' लिहिले तर माहिती बरोबर, पण शब्दातला टोमणा गळून पडतो. एखादे पात्र चिडून 'मी तुर्को नाही' असे म्हणाले तर 'मी अरब नाही' हा अनुवाद साफ उलटा होईल. म्हणून 'तुर्को' तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच उलगडावा: 'सीरिया-लेबनॉनकडून आलेल्यांना तिकडे तुर्को म्हणत, तसला एक तुर्को'. तळटीप देऊ नये, वाचक ती वाचत नाही. स्पॅनिश मजकुरात 'तुर्को' आणि ब्राझिलियन पोर्तुगीजमध्ये उच्चार 'तुर्कु'कडे झुकतो, पण दोन्हीकडे 'तुर्को' लिहिले तरी चालेल.

एक सावधगिरी मात्र हवी. आजच्या अर्जेंटिनात 'तुर्को' हे बऱ्याचदा नुसते लाडाचे टोपणनाव असते. फुटबॉल प्रशिक्षक अँतोनियो मोहामेद यांनाही 'एल तुर्को'च म्हणतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. १९१०मधल्या बंदरावरच्या कारकुनाच्या तोंडी आणि २०१०मधल्या मित्राच्या तोंडी हा शब्द वेगळा वाजतो. तेव्हा प्रसंग कोणत्या काळातला आहे आणि बोलणारा कोण आहे ते बघून शेजारचे विशेषण निवडावे.