भागीदाराने बाहेर काढलं, आता हिशेब कसा मागायचा?

भागीदारीच्या भांडणांवर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): आम्ही दोघे २०१४ पासून भाड्याच्या गाळ्यात शीट मेटलचं काम करतो. हिस्सा निम्मा-निम्मा. भागीदारीपत्र नोटरी केलेलं आहे, पण फर्म रजिस्टर नाही. भागीदारी किती वर्षांची, ती कशी संपवायची, लवाद, यातलं काहीच पत्रात नाही. भागीदाराने शटरचं कुलूप बदललं. आता म्हणतो, ‘तू रिटायर झालास, आठ लाख घे आणि सही कर.’ एक वकील सांगतात की नोंदणी नसल्याने दावाच करता येणार नाही. हे खरं आहे का?

उत्तर: सही करू नका, हे आधी. अशा निवृत्तीपत्रात ‘माझं सर्व येणं मिळालं, यापुढे काही मागणी नाही’ हे वाक्य हमखास असतं आणि तारीख बहुधा मागची टाकलेली असते. त्या एका वाक्यापुढे नंतरचा सगळा हिशेब लंगडा पडतो.

भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ३३ प्रमाणे भागीदाराला काढून टाकण्याचा अधिकार करारात स्पष्ट लिहिलेला असावा लागतो आणि तो प्रामाणिकपणे वापरावा लागतो. तुमच्या पत्रात तो नाही. त्यामुळे कुलूप बदललं तरी तुम्ही आजही निम्मे भागीदार आहात. मात्र कुलूप तोडायला जाऊ नका. दुसऱ्या दिवशी तुमच्याच नावाने तक्रार होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

नोंदणीबाबत वकिलांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. फर्म चालू ठेवून करारातले हक्क बजावायचे असतील, तर कलम ६९ आड येतं. पण फर्म विसर्जित करा आणि हिशेब द्या, या दाव्याला त्याच कलमात सूट आहे. गोंधळाचं मूळ महाराष्ट्राच्या १९८४ च्या दुरुस्तीत आहे. तिने ही सूट जवळजवळ काढूनच घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती, म्हणजे कलम ६९ (२अ), घटनाबाह्य ठरवली. जुना सल्ला अजून फिरतो आहे, एवढंच.

मुदत नसलेली भागीदारी कलम ४३ खाली लेखी नोटिशीने संपवता येते. नोटिशीत विसर्जनाची तारीख लिहा आणि ती महिनाअखेरीची ठेवा, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न आणि साठा एकाच तारखेला जुळवता येतो. तारीख लिहिली नाही तर नोटीस पोचल्याच्या दिवशी विसर्जन होतं आणि तो दिवस कोणता यावरच वाद होतो. स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्हींनी पाठवा. हिशेबाच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत विसर्जनाच्या तारखेपासून मोजली जाते.

नोटीस जाण्याआधी कागद गोळा करा, कारण नंतर पासवर्ड बदलतात. जीएसटी पोर्टलवरून दिसतील तेवढ्या सगळ्या वर्षांची जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि ३बी (मासिक गोषवारा) उतरवून घ्या. विक्रीचा त्याहून ठाम पुरावा क्वचितच मिळतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, मशीनची बिलं आणि येणेकऱ्यांची यादी घ्या. वह्या पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा हक्क कलम १२ देतं. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पूर्ण एक्स्पोर्ट करा आणि तो मोबाइल जपा. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. गाळ्याच्या मालकालाही पत्र द्या. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की दुसरा भागीदार नवा करार स्वतःच्या नावावर करून घेतो, ही या भांडणांतली नेहमीची चाल आहे.

बँकेला ‘खातं गोठवा’ असं लिहू नका. पगार आणि कर्जाचे हप्ते थकले तर तोटा दोघांचाच होतो. पगार, हप्ते आणि कर सोडून बाकी पैसे दोघांच्या सहीनेच काढू द्यावेत, अशी मागणी करा.

आता आठ लाखांचं. ताळेबंदातली मशीनची किंमत धरून हा आकडा आला असेल तर तो फसवा आहे. मशीनवर १५ टक्के घसारा (वापरामुळे धरलेली किमतीतली घट) दरवर्षी उरलेल्या किमतीवर लागतो, म्हणून २० लाखांचा प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) दहा वर्षांनी पुस्तकात चार लाखांच्या आत दिसतो. बाजारात त्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त असू शकते. तेव्हा मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून बाजारभाव काढून घ्या. वाटपाचा क्रम कलम ४८ मध्ये आहे: आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी भांडवलाशिवाय फर्मला उसने दिलेले पैसे, मग भांडवल, उरेल ते हिश्शाप्रमाणे. समजा मशीन २४ लाख, साठा ६, येणी १४ आणि बँकेत २, असे ४६ लाख आहेत. पुरवठादार, कर्ज आणि कर मिळून २२ गेले, उरले २४. तुमचं भांडवल ५ आणि त्यांचं ३ परत केलं की १६ राहतात. त्यातले तुमचे ८, म्हणजे एकूण १३ लाख, आणि यात फर्मच्या नावलौकिकाची किंमत अजून धरलेलीच नाही. हिशेब न मिटवता त्यांनी तुमचा पैसा वापरत धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ खाली त्या काळातल्या नफ्यातला वाटा किंवा ६ टक्के व्याज, यांतलं एक तुम्ही निवडायचं.

रक्कम तीन लाख किंवा जास्त असल्याने हा वाद व्यावसायिक न्यायालयात जाईल. तिथे दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा अंतरिम आदेश हवा असेल तरच ती टळते. गाळा भाड्याचा आहे आणि मशीन एका रात्रीत हलू शकतात. म्हणून मशीन विकण्यास मनाई आणि साठ्याची यादी करायला कोर्ट कमिशनर (कोर्टाने नेमलेला अधिकारी), या दोन मागण्या घेऊन थेट जाणं आम्हाला योग्य वाटतं.

प्रश्न (महापे, नवी मुंबई): प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत आम्ही तिघेच भागधारक आणि तिघेही संचालक. माझे ३० टक्के. दोघांनी सभा घेऊन मला संचालकपदावरून काढलं, मग नवे शेअर्स आपसांत घेतले आणि माझा वाटा ९ टक्क्यांवर आला. दहाच्या खाली गेल्याने एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) जाता येत नाही, असं सांगतात.

उत्तर: जाता येतं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४४ मध्ये भागभांडवलाच्या दहा टक्क्यांची अट आहे, तसाच सभासदसंख्येच्या एक दशांशाचा पर्यायही आहे. तिघांपैकी एक म्हणजे तुम्ही एकटेच एक तृतीयांश आहात.

एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचे दाखल कागद पाहा. तुम्हाला काढल्याचा डीआयआर-१२ आणि शेअर वाटपाचा पीएएस-३ उतरवून घ्या आणि तारखा शेजारी शेजारी मांडा. कलम १६९ खाली काढायला विशेष सूचना लागते, ती सभेच्या किमान १४ दिवस आधी, आणि तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पण जोर इथे देऊ नका. संचालकपदावरून काढणं एवढ्यानेच जुलूम ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने टाटा–मिस्त्री प्रकरणात २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमची खरी बाजू शेअर वाटपाची आहे. हक्कभाग (राइट्स शेअर्स) सगळ्या जुन्या भागधारकांना देऊ करावे लागतात. तुम्हाला देकारपत्र कधी, कुठे पाठवलं, याचा पुरावा त्यांच्याकडून मागा. कंपनीला पैशांची गरज होती का, की फक्त तुमचा वाटा पातळ करायचा होता, हाच प्रश्न एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे उभा राहील. अर्ज कलम २४१-२४२ खाली करा; या वादात दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. वाटप रद्द करा, नाहीतर माझे शेअर्स रास्त भावाने विकत घ्यायला लावा, अशी पर्यायी मागणी ठेवा. मूल्यांकन वाटपाच्या आदल्या तारखेचं आणि ३० टक्के धरून मागा.

प्रश्न (वाशी): फर्ममधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता बँकेने फर्मच्या कॅश क्रेडिटसाठी (खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी) मला नोटीस पाठवली आहे.

उत्तर: निवृत्तीपत्र तुमच्या आणि भागीदारांमधलं, बँकेने ते मानलंच पाहिजे असं नाही. तुम्ही बँकेला वैयक्तिक हमी दिली असेल तर ती चालूच आहे. करार कायद्याच्या कलम १३० खाली पुढच्या उचलीपुरती ती आजच लेखी मागे घ्या, पोच घ्या आणि त्या दिवशीची बाकी लेखी मागा. मात्र बँकेच्या हमीपत्रात हा हक्क सोडल्याचं कलम आहे का, ते आधी वाचा. जुनी बाकी बँकेने मुक्तिपत्र दिल्याशिवाय सुटत नाही. जीएसटी आयुक्तांना निवृत्ती महिन्याच्या आत कळवायची असते. कळवली नसेल तर कळवण्याच्या तारखेपर्यंतच्या कराची जबाबदारी तुमच्यावर राहते. जाहीर नोटीस राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या मराठी वर्तमानपत्रात दिली होती का, तेही पाहा.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): भागीदाराने फर्मचे पैसे स्वतःच्या खात्यात वळवले. आधी पोलिसांत जाऊ का?

उत्तर: आधी हिशेबाचा दावा करा. वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, खास करार करून मालमत्ता सोपवलेली नसेल तर भागीदारीच्या पैशांबाबत भागीदारावर सहसा विश्वासघाताचा गुन्हा लागत नाही. खोटी सही केली असेल तर गोष्ट वेगळी. मग बँकेतल्या नमुना सहीची प्रमाणित प्रत, त्याच काळातल्या तुमच्या खऱ्या सह्यांचे कागद आणि त्या दिवशी तुम्ही कुठे होतात त्याचा पुरावा, हे तिन्ही तक्रारीला जोडा.