सपाट माळाचा फोटो सपाटच का येतो?

प्रश्न : मी येवला तालुक्यात राहतो. माझा भाऊ कॅनडात, रेजायनाजवळ असतो. तिकडच्या प्रेअरीचे, म्हणजे नजर पोचेल तिथवर पसरलेल्या गवताळ रानाचे फोटो तो पाठवतो. बघत राहावेत असे असतात. आमचा ममदापूरचा माळ मी काढला की नुसती रेघ येते, वर आभाळ आणि खाली माती. कॅमेरा बदलू का?

उत्तर : कॅमेरा राहू द्या, वेळ बदला. तुमचे फोटो बहुधा नऊ-दहाच्या उन्हातले असणार. भाऊ राहतो ते गाव 50 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण 16 अंशच वर येतो. दिवसभर ऊन आडवं पडतं, गवताच्या काडीकाडीला सावली मिळते. आपलं नाशिक 20 अंशांवर. ऐन डिसेंबरातही आपला दुपारचा सूर्य 46 अंशांवर असतो आणि 20 मेच्या सुमारास तर तो थेट डोक्यावरून जातो. सावली पायाखाली गेली की माळाचे उंचवटे, पायवाटा, बांध सगळं पुसलं जातं. म्हणून आपल्याला सकाळचा पाऊण तास आणि संध्याकाळचा पाऊण तास, एवढंच धन. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. मी नाशिकहून साडेचारला निघतो, निफाड-विंचूरची थंडी अंगावर घेत.

ममदापूरच्या माळावरच्या एकाच बाभळीपाशी मी चार वर्षं जातो आहे. जागा तीच ठेवली की ऋतू दिसायला लागतो. श्रावणातला हिरवा माळ सगळेच काढतात, मला मात्र तो सर्वांत अवघड वाटतो, कारण सगळीकडे एकच हिरवा. तेव्हा ढगाची सावली माळावरून सरकेपर्यंत थांबायचं. माझा जीव आहे तो दिवाळीनंतरच्या माळावर. कुसळी गवत पिकून तांबूस झालेलं असतं, मोज्यांत कुसळं घुसतात, पण सूर्याकडे तोंड करून गुडघ्यावर बसा, सूर्य बाभळीच्या खोडाआड लपवा आणि बघा, प्रत्येक कुसळ पेटल्यासारखं दिसतं. त्या उजेडात काळवीट चरत आलं तर श्वास रोखला जातो. लांबूनच काढा, त्याच्या मागे गाडी घालू नका. वैशाखात माळ उघडा पडतो. तेव्हा क्षितिज अगदी खाली घ्या, तीन हिस्से आभाळ ठेवा आणि वळवाच्या ढगांची वाट बघा. क्षितिज बरोबर मध्यावर आलं की तुम्ही म्हणता तशी रेघ उरते.

भावालाही एक सांगा. त्याचं बर्फ फोटोत राखाडी येत असेल, तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवायला सांगा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करड्या रंगाची समजतो. आपल्या काळ्या जमिनीला तो उलट फिकट करतो. तिथे थोडं कमी करायचं.

प्रश्न : शेतात काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारून काढले तर त्या अवघडतात. न विचारता काढावेत का?

उत्तर : नाही. एकदा उन्हाळ कांद्याच्या काढणीत एक आजी पात कापत होत्या. मी बांधावरून, न विचारता फोटो काढला. त्यांच्या ते लक्षात आलं. काही बोलल्या नाहीत, पदर तोंडावर ओढून पाठ फिरवून बसल्या. तो फोटो मी तिथेच पुसला, पण ती पाठ अजून डोळ्यांपुढून जात नाही. आता कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी सरीजवळ बसतो. यंदा कांदा कसा निघाला, कांदाचाळीत साठवणार की लगेच विकणार, असं बोलणं होतं, चहा होतो. मग विचारतो. "काढ की बाबा" म्हणून हात पुन्हा कामाला लागले की अवघडलेपण आपोआप जातं, आणि पातीखाली झाकलेल्या कांद्यांच्या ओळी मागे ठेवून हवा तसा फोटो मिळतो.

फोटोचा प्रिंट नेऊन द्या, मोबाइलवर पाठवून भागवू नका. मेंढपाळांचा तर लवकर द्या. पावसाळा सरला की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळा मुक्काम, उठतो, आणि आज ज्या शेतात मेंढरं बसवलीत तिथे पंधरा दिवसांनी गेलात तर नुसत्या लेंड्या सापडतील.