सिरीज कॉम्पेन्सेशन: भरपाई की वजावट?

प्रश्न असा होता की वीजवाहिनीवरच्या 'सिरीज कॉम्पेन्सेशन'ला (लांब लाइनीत कपॅसिटर घालून तिच्यातून जास्त पॉवर नेणं) एका भाषांतरात 'मालिका नुकसानभरपाई' लिहिलंय, चालेल का. नाही हो, मालिका संध्याकाळी सातला लागते आणि नुकसानभरपाई गारपिटीनंतर मिळते, मिळाली तर.

सिरीजला शब्द शाळेतच शिकलोय आपण, एकसर जोडणी. मला त्यात मोत्यांचा सर दिसतो, एका दोऱ्यात एकामागे एक ओवलेले मणी, आणि इथेही कपॅसिटर लाइनीच्या वाटेतच ओवलेला असतो, सगळा करंट त्याच्यातूनच जातो.

खरी गोची कॉम्पेन्सेशनची आहे. कोशात 'भरपाई' मिळेल, पण लाइनीत होतं काय ते बघा. ४०० केव्हीची ३०० किलोमीटर लाइन घ्या, किलोमीटरला साधारण ०.३३ ओहम धरला तर तिचा इंडक्टिव्ह रिॲक्टन्स (तारांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एसी करंटला होणारा अडथळा) झाला १०० ओहमच्या आसपास, कपॅसिटरचा रिॲक्टन्स बरोबर उलट्या चिन्हाचा, तो ४० ओहमचा घातला की उरले ६०, मग दोन्ही टोकांचं व्होल्टेज नि त्यांच्यातला कोन (एका टोकाची लहर दुसऱ्याच्या किती पुढे आहे तो) तोच ठेवला तरी त्याच तारांतून दीडपटीहून जास्त पॉवर जाते. यात भरून काय दिलं? काहीच नाही, वजा केलं. म्हणून मी तरी 'एकसर वजावट' म्हणेन, शब्द इन्कमटॅक्सवाल्यांचा आहे, असू दे.

भरपाई शोभते ती समांतर जोडणीत. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरपाशी कपॅसिटरची डबी असते ना (महावितरण लावा लावा म्हणतं आणि कित्येक ठिकाणी तिच्या वायरी काढून ठेवलेल्या असतात), ती मोटरला लागणारी रिॲक्टिव्ह पॉवर (चुंबकीय क्षेत्रासाठी नुसती ये-जा करणारी) तिथल्या तिथे पुरवते, ती खरी भरपाई.

शिवाय वजावट म्हटलं की 'किती?' हे आपोआप विचारलं जातं. पुरती १०० टक्के कोणी करत नाही, कपॅसिटर आणि लाइन मिळून जनरेटरच्या शाफ्टला पिळवटणारा रेझोनन्स (ताल जुळून वाढत जाणारी आंदोलनं) होऊ शकतो, अमेरिकेत नेवाडातल्या मोहावी केंद्रात १९७० आणि १९७१ मध्ये शाफ्टचं त्यानेच वाटोळं झालं होतं. थायरिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून हीच वजावट चालू लाइनीवर कमीजास्त करतात ती टीसीएससी (थायरिस्टर कंट्रोल्ड सिरीज कपॅसिटर), आपल्याकडे रायपूर-राउरकेला लाइनीवर बसवली गेली, तिला 'बदलती वजावट' म्हणा. आणि हो, पॉवर फ्लोला (लाइनीतून पॉवर वाहणं) 'वीजप्रवाह' लिहू नका, तो करंट झाला, पॉवर फ्लोच राहू द्या.