टोकं बरोबर, उत्तर शून्य

प्रश्न : १/(१ + कॉस वर्ग क्ष) या फलनाचं ० ते पाय (π) इंटिग्रल काढायचं होतं. अंश-छेदाला कॉस वर्गाने भागून ट = टॅन क्ष धरलं. टॅन ० आणि टॅन पाय दोन्ही शून्य, म्हणून उत्तर शून्य आलं. पुस्तकात पाय/√२ दिलंय. चुकलं कुठे?

उत्तर : पायऱ्या तपासण्याआधी फलनाकडे बघा. कॉस वर्गाची किंमत ० ते १, म्हणून फलनाची १/२ ते १. रुंदी पाय. म्हणजे उत्तर १.५७ आणि ३.१४ यांच्या मधलंच हवं. शून्य येऊच शकत नाही. हा अंदाज अर्ध्या मिनिटात होतो, तरी परीक्षेत तो फारसं कुणी करत नाही.

घोटाळा पाय/२ पाशी आहे. तिथे कॉस शून्य, त्यामुळे भागाकारच चालत नाही, आणि टॅनला किंमतच नाही. ट शून्यापासून अनंताकडे जातो, मग उणे अनंताकडून शून्यावर येतो. तुम्ही फक्त दोन टोकं पाहिलीत. सबस्टिट्यूशनसाठी टॅन आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह संपूर्ण अंतरावर सलग हवं.

म्हणून पाय/२ ला तोडा. क्षच्या जागी पाय − क्ष घातलं तरी फलन तेच राहतं, त्यामुळे दोन्ही भाग सारखे. पहिला भाग ० ते ब घ्या आणि ब डावीकडून पाय/२ कडे न्या : १/(ट वर्ग + २) चं ० ते अनंत इंटिग्रल, म्हणजे पाय/(२√२). दुप्पट केलं की पाय/√२, सुमारे २.२२. अंदाजात बसतं.

गंमत म्हणजे तुमचं अँटिडेरिव्हेटिव्ह (ज्याचं डेरिव्हेटिव्ह मूळ फलन येतं ते), (१/√२) टॅन इन्व्हर्स (टॅन क्ष/√२), पाय/२ ला पाय/(२√२) वरून थेट उणे तेवढ्यावर घसरतं. घसरण बरोबर पाय/√२ ची. हरवलेलं उत्तर तिथेच सांडलं होतं.

प्रश्न : १/क्ष हे विषम फलन, म्हणजे क्षचं चिन्ह बदललं की त्याचंही चिन्ह बदलतं. मग −१ ते १ इंटिग्रल शून्य लिहायचं ना?

उत्तर : नाही. तो गुणधर्म इंटिग्रल अस्तित्वात असेल तरच लागू होतो. इथे ० ते १ हा भागच अनंत होतो. ह ही छोटी धन संख्या धरून डावीकडे −ह ला थांबून उजवीकडे २ह पासून सुरू केलंत, तर ह शून्याकडे नेल्यावर उत्तर उणे लॉग २ येतं. दोन्हीकडे ह घेतलंत तर शून्य. त्या शून्याला कोशी प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात. प्रश्नात ती मागितली नसेल, तर ‘डायव्हर्जंट’, म्हणजे इंटिग्रलला ठरावीक किंमत नाही, असंच लिहा.