मी कुणाचं काय घेतलं?

"शिकवण्या घेऊन शिकलो, कर्ज काढून ऐरोलीत घर घेतलं. मला कुणी काही आयतं दिलं नाही. तरी बायको म्हणते, 'तुला सगळं सोपं जातं.' मी कुणाचं काय घेतलं?"

नवी मुंबईत महापेला नोकरी करणाऱ्या एका अभियंत्याने मला विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) असा प्रश्न आला की वाद घालू नये. त्याचे कष्ट खरे आहेत, हे आधी मनापासून मान्य करावं लागतं. इथे सवलत म्हणजे न मागता, आपसूक मिळालेली सोय; कष्ट न करणं नव्हे. वाटेत जो अडथळा आलाच नाही, तो दिसत नाही, एवढंच.

तो अडथळा दिसावा म्हणून मी नवरा-बायको दोघांना सात दिवसांसाठी वह्या दिल्या. तीन रकाने: काम, मिनिटं, आणि ते करायला हवं हे कुणाच्या लक्षात आलं. पहिला आठवडा वाया गेला, कारण दोघंही रात्री आठवून लिहीत होते. त्याने जागोजागी 'तिला मदत केली' असं लिहिलं. तिने दुधाचा हिशेब, लसीची तारीख लिहिलीच नाही. ती कामं आहेत असं तिलाही वाटत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात नियम बदलले: दिवसातून तीनदा लिहायचं, दुसऱ्याची वही बघायची नाही, 'मदत' शब्द वापरायचा नाही. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं होती, पुरुषांची ८८. मिनिटांत हा गडी सरासरी पुरुषापेक्षा बराच पुढे होता. तिसऱ्या रकान्यात मात्र त्याचं नाव जेमतेम दोनदा.

मग चौथा रकाना: 'मला काय करावं लागलं नाही?' हा सगळ्यात अवघड. अमेरिकेत स्त्री-अभ्यासक पेगी मॅकिंटॉश यांनी १९८८ मध्ये हेच केलं होतं. पुरुष सहकाऱ्यांना आपली सवलत दिसत नाही, हे जाणवल्यावर त्यांनी स्वतःच्या गोरेपणाकडे पाहिलं आणि ४६ गोष्टी लिहिल्या. ती यादी जशीच्या तशी इथे चालत नाही. आपल्याकडे आडनावापासून सुरुवात करावी लागते.

याचा रकाना दोन दिवस कोराच. म्हणून त्याच्यावर आरोप नसलेला प्रसंग घेतला. त्याच्या मणिपुरी सहकाऱ्याला घणसोलीत भाड्याचं घर बघताना 'कुठल्या देशाचे?', 'घरात काय शिजवता?' असं विचारलं गेलं होतं. याला एजंटने फक्त पगार विचारला होता. हे त्याने झटकन लिहिलं. त्याच रात्री तिच्या वहीत होतं: 'साडेदहा, स्टेशन, रिक्षाचा नंबर आईला पाठवला.' त्याच्या वहीत त्याच वाटेबद्दल: 'गाणी ऐकत चालत आलो.' दोन्ही ओळी शेजारी ठेवल्यावर समजावून सांगावं लागलं नाही.

पुढची पायरी: एक काम आठवण्यापासून संपवण्यापर्यंत चार आठवडे पूर्ण त्याचं. औषधांपासून सुरुवात करू नये, तिथली चूक महागात पडते. त्याने मुलाच्या शाळेचं काम घेतलं. तिने आठवण करून द्यायची नाही, हा भाग तिला जड गेला. दुसऱ्या आठवड्यात चित्रकलेची वही राहिली. मुलगा तसाच गेला, ती गप्प राहिली. शाळेचे निरोप तरीही तिच्याच फोनवर यायचे. तो नंबर बदलून घ्यायला तो स्वतः शाळेत गेला.